अंगठा वर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलाच्या तरणतलावात आमचे स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, पहिले धडे झाले. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी पाण्याखाली तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला, म्हणजे 'ठीक आहेस ना?' असं विचारलं. मी उत्साहाने अंगठा दाखवला. त्यांनी माझा दंड धरला आणि मला थेट वर आणलं. माझं काहीतरी चुकलं असणार असं मला वाटलं. "तुम्हीच सांगितलंत ना, वर जाऊ या म्हणून," ते म्हणाले.

पाण्याखाली उभा अंगठा म्हणजे 'छान' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला, ही डाइव्ह संपली' असा होतो. तो दिसला की समोरच्याने आपलाही अंगठा दाखवायचा आणि वर निघायचं. आम्हाला शिकवलेल्या खुणांमध्ये हवा किती आहे, कान दुखतोय, थंडी वाजतेय, सगळं होतं. 'का?' ही खूण मात्र नव्हती. गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्या लोकांनी हा नियम फार कडक पाळला आहे: कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही.

तलावात हे ऐकायला सोपं वाटलं. प्रत्यक्षात स्वतःहून तो अंगठा दाखवायला मला साडेतीन वर्षं लागली, आणि मधे माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला.

माझी बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, ही माझी धाकटी नणंद. ती ऐरोलीला नोकरी करते, मी नौपाड्यातल्या शाळेत शिकवते. आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात. सासरे तरुणपणी ठाण्याच्या खाडीत जाळं टाकायचे, पुढे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागले आणि होडी सुटली. घरात समुद्राची भीती कुणाला नव्हती. पण बाटलीतली हवा घेऊन खाली जायचं म्हटल्यावर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोणत्या तिथीला जाताय?"

तेव्हा तो प्रश्न मला कळला नव्हता.

कानाची गोष्ट आधी सांगते. डिसेंबर होता. शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या, मंचावरची धूळ, मुलांच्या सर्द्या, त्यात मलाही सर्दी झाली. कोकणकन्येची तिकिटं दोन महिने आधी काढलेली होती. कुडाळला उतरून मालवण, तिथे दोन दिवस, पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात डाइव्ह. निघायच्या रात्री नाक बंद होतं. सकाळी नाक मोकळं करणारी एक गोळी घेतली आणि खरंच तासाभरात श्वास मोकळा झाला. डाइव्हच्या आधी भरायच्या फॉर्मवर प्रश्न होता, सध्या सर्दी किंवा सायनसचा त्रास आहे का. मी 'नाही' वर खूण केली. तो फॉर्म माझ्यापुढे ठेवणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याने विचारलं होतं, खोटं मी सांगितलं.

तिथे पाणी फार खोल नव्हतं, आठ-नऊ मीटर. पुष्कळ लोकांना वाटतं की कमी खोल म्हणजे कमी धोका. कानांच्या बाबतीत उलट आहे. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि समुद्रात दर दहा मीटरला त्यात एकेकाची भर पडते. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, पुढच्या दहा मीटरमध्ये दुपटीवरून तिप्पट. सगळ्यात मोठा फरक वरच्याच थरात असतो. म्हणून नाक दाबून हलकी फुंकर मारायची आणि घशातून कानाकडे जाणारी नळी उघडायची, ते दर मीटरला, दुखायला लागण्याच्या आधी. नाही उघडली तर मीटरभर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

तीन मीटरवर माझा डावा कान अडला. उजवा उघडला होता. नणंद माझ्या पुढे, दोरीला धरून खाली चालली होती. पाणी धूसर, चार-पाच मीटरच्या पलीकडे काही दिसत नव्हतं, ती दिसेनाशी होईल असं वाटलं. मी वर गेले नाही. खाली गेले. पाच मीटरवर दुखायला लागलं, तेव्हा नाक घट्ट दाबून जोरात फुंकलं. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दुखणं एकदम थांबलं. मला बरं वाटलं! पुढच्या क्षणी समुद्राचा तळ माझ्याभोवती फिरायला लागला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी मधल्या कानात गेलं की शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा बिथरते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त दोरी धरून राहिले आणि माझ्याच बुडबुड्यांकडे बघत राहिले. बुडबुडे जातात ते वर. पाणी कानात कोमट झालं तशी चक्कर कमी झाली. नणंद परत आली होती. तिने माझा चेहरा बघितला आणि अंगठा दाखवला. मी नाही, तिने.

ठाण्याला परतल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं आणि भोक आहे म्हणून सांगितलं. अडीच महिने कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. वर्गात डाव्या बाजूच्या बाकांवरची मुलं काय म्हणतात ते अर्धंच ऐकू यायचं. पडदा आपोआप भरून आला, ऐकू यायला लागलं, यात माझी हुशारी काही नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त लागलं. त्या गोळीचा असर पाण्याखाली असतानाच उतरला असता तर वर येताना प्रसरण पावणारी हवा कानात कोंडली असती. खाली जाताना कान अडला तर माणूस थांबू शकतो. वर येताना अडला तर हवा संपत असताना थांबावं लागतं.

त्या अडीच महिन्यांत मी एका वहीत लिहून काढलं की त्या सकाळी मी डाइव्ह का रद्द केली नाही. तिकिटं काढली होती. सुट्टी मंजूर करून घेतली होती. नणंदेने माझ्यासाठी तारखा बदलल्या होत्या. पैसे भरले होते. घरून निघताना सासूबाईंशी थोडं बोलणं झालं होतं, आता परत जाऊन काय सांगणार. आणि बोटीवर सगळे माझ्याहून लहान होते. वही पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की यातलं एकही कारण समुद्रातलं नाही. सगळी जमिनीवरची आहेत. समुद्राकडे आणि माझ्या नाकाकडे मी बघितलंच नव्हतं.

म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं की निर्णय जमिनीवरच घ्यायचा, पण आधी. संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारता मारता आणि मग घरी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही आमच्या मर्यादा कागदावर लिहिल्या. हे काम एका बसणीत झालं नाही, महिनाभर चाललं.

सगळ्यात जास्त वेळ हवेच्या आकड्यावर गेला. त्याचं कारण नणंदेने आणलेला एक अभ्यास. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क नावाची संस्था १९८० पासून डाइव्हिंगमधले अपघात तपासते. तिच्या संशोधकांनी २००८ साली ९४७ मृत्यूंचा अभ्यास मांडला होता. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशाने झाली ते ठरवता आलं, त्यातल्या ४१ टक्क्यांत ती अपुऱ्या हवेने झाली होती. शार्क नाही, वादळ नाही. हवा. म्हणजे जी गोष्ट डोळ्यांसमोर काट्यावर दिसत असते ती.

आम्हाला शिकवलेलं होतं की सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उरले असताना पृष्ठभागावर असावं. मी गणिताची शिक्षिका आहे, मला आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मग बसून मांडलं. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर ११.१ लिटरचं असतं आणि २०० बारपर्यंत भरतात, म्हणजे २,२२० लिटर हवा. आम्ही १८ मीटरवर आहोत आणि एकीची हवा काही कारणाने बंद पडली असं धरलं. आता दोघी एकाच सिलिंडरवर. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर तरी ओढतो, दोघींचे ६०. अठरा मीटरवर दाब २.८ पट, म्हणून प्रत्यक्षात १६८ लिटर दर मिनिटाला. पहिलं मिनिट एकमेकींना धरून सावरण्यात जाईल: १६८. मिनिटाला नऊ मीटर या सावकाश गतीने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९ पट: २२८. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना खबरदारीचा थांबा, दीडपट दाब: २७०. बेरीज ६६६ लिटर. त्याला ११.१ ने भागलं की ६० बार.

म्हणजे १८ मीटरवर असताना काटा ६० च्या खाली गेला असेल तर माझ्याकडे माझ्यापुरती हवा आहे, तिच्यापुरती नाही. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघी जरा गप्प झालो. कागदावर लिहिलं: ७० बारला तळ सोडायचा, समोर काहीही दिसत असलं तरी. १०० ला परतीची दिशा.

कानासाठी लिहिलं: तीन प्रयत्न, चौथा नाही. सर्दी असेल तर ठाण्यातून निघायचंच नाही आणि गोळी घ्यायची नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नको, ती डाइव्हही नको. जोडीदार दिसेनाशी झाली तर एक मिनिट शोधायचं, मग वर. हे सोपे नियम होते कारण यातलं प्रत्येक एकटंच पुरेसं होतं.

अवघड होतं ते बारीकसारीक गोष्टींचं. झोप नीट झाली नाही. बोट लागली. मास्कचा पट्टा ऐनवेळी तुटला, दुसरा घेतला. यातलं कुठलंही एक झालं म्हणून कुणी डाइव्ह रद्द करत नाही, करूही नये. पण अपघातांचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट वारंवार दिसत होती, की मोठं काही होण्याआधी दोन-तीन लहान गोष्टी झालेल्या असतात आणि त्या त्या वेळी प्रत्येकीला 'चालतंय' म्हटलेलं असतं. मग आम्ही लिहिलं: तीन बारीक म्हणजे एक मोठं. प्रवाहालाही त्यात बसवलं. अर्ध्या नॉटपर्यंत (नॉट म्हणजे समुद्रातल्या वेगाचं माप, तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) ठीक, एका नॉटच्या वर नाही, मधलं असेल तर ते एक बारीक.

शेवटचा नियम नणंदेने लिहिला. हे स्वतःला चार ठिकाणी विचारायचं: घरी, धक्क्यावर, बोटीत आणि दोरीवर पाच मीटरला. जसजसं पुढे जाल तसं 'नको' म्हणणं महाग होत जातं. घरी त्याची किंमत तिकिटाचे पैसे, अठरा मीटरवर त्याची किंमत पाच-सहा मिनिटांची हवा.

सासरे हे सगळं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होते. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "सगळं लिहिलंत, तिथी नाही लिहिली." मग त्यांनी समजावलं. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर भरती पुरी होण्याची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. आमच्याकडे मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. एवढं पाणी आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ओढ येणारच, तळाचा गाळ वर येणारच. अष्टमी-नवमीला भांग, पाणी मंद आणि निवळ. खाडीत जाळं कुठलं टाकायचं तेसुद्धा यावर ठरायचं. "खाली बघायला जाताय ना? मग भांगात जा."

पुढच्या दोन वर्षांत आम्ही बऱ्याच डाइव्ह केल्या, मालवणला, एकदा अंदमानला. कागद बरोबर असायचा. तो वापरायची वेळ आली ती नेत्राणीला.

नेत्राणी हे कर्नाटकात मुरुडेश्वरच्या समोरचं बेट, किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत. बोटीने दीड तास लागतो. गुरुवारी दुपारी ठाण्याहून मत्स्यगंधा पकडली, शुक्रवारी पहाटे मुरुडेश्वर. शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी सकाळी एक, आणि रविवारी संध्याकाळची परतीची गाडी. तारखा माझ्या शाळेच्या सुट्टीप्रमाणे ठरल्या होत्या. सासऱ्यांनी कॅलेंडर बघून सांगितलं होतं की पौर्णिमा दोन दिवसांवर आहे. मी म्हटलं होतं, "बाबा, सुट्टी भांग बघून मिळत नाही." ते पुढे बोलले नाहीत.

शनिवार फार सुंदर गेला. पाणी असं की पंधरा मीटरवरून वर बघितलं तर बोटीचा तळ दिसत होता. माझ्या कानाने एकदाही कुरकुर केली नाही. पोपटमासे खडकाला चोच मारतात त्याचा कुडुमकुडुम आवाज ऐकू येत होता. एका कपारीत मोरे ईल, म्हणजे सापासारखी लांब मासळी, तोंड उघडझाप करत बसली होती, तिच्यासमोर आम्ही किती वेळ होतो कोण जाणे. ८५ बारला वर निघालो. रात्री मला झोप आली नाही ती आनंदाने.

रविवारी बोट सात वाजता निघायची होती. डिझेलचं काहीतरी झालं आणि साडेआठ वाजले. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि पाणी शांत असतं. दुपारकडे वारा फिरतो आणि समुद्रावरून यायला लागतो. दीड तासाचा उशीर म्हणजे परतताना लाटा, शिवाय संध्याकाळी पाचच्या गाडीची घाई. मी मनात एक बोट मुडपलं. अर्ध्या वाटेवर मला उलटी झाली. एकदाच, पण रात्री तीन तास झोप, पोटात काही नाही. दुसरं बोट. नणंद म्हणाली, "वहिनी, जरा पाणी पी," आणि माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. तीही मोजत होती.

बेटाजवळ पोचल्यावर बोटीवर घाई सुरू झाली. आम्ही एकमेकींची तपासणी केली: जॅकेटमध्ये हवा भरते-सुटते, वजनाचा पट्टा, बकलं, हवा. हवा तपासताना आम्ही नुसता काटा बघत नाही, रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासनळीच्या यंत्रातून, चार मोठे श्वास घेताना काटा बघतो. नणंदेचा काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत होता. याचा अर्थ सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. बोटीत बसून श्वास घ्यायला तेवढी वाट पुरते. वीस मीटरवर तिप्पट हवा लागते, तिथे नाही पुरत. बोटीवरच्या मुलाने लगेच व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, काटा स्थिर झाला. दुरुस्त झालं, मग हे मोजायचं का? कागदावर ते नव्हतं. मी अर्धं बोट मुडपलं आणि स्वतःवरच रागावले, कारण अर्धं असं काही आम्ही ठरवलंच नव्हतं.

मग मी पाण्याकडे बघितलं. बोट नांगरावर होती, पाण्यावर वाळकं पान तरंगत आलं. बोट साधारण बारा मीटर लांब. ते पान पुढच्या टोकाला आलं तेव्हा घड्याळ बघायला लागले. मागच्या टोकाशी ३२ सेकंद. म्हणजे मिनिटाला साडेबावीस मीटर, जवळजवळ पाऊण नॉट. आदल्या दिवशी त्याच जागी मिनिटभर लागला होता. उतरायची दोरी सरळ नव्हती, तिरकी ताणलेली होती.

मी बोटीच्या काठावर बसले होते. पाठीवर सिलिंडर, कमरेला सहा किलो शिसं, पायात फिन्स, कपाळावर मास्क. बाकीचे सहा जण तयार. आता आठवते ती माझ्या डोक्यातली वकिली. पाऊण नॉट म्हणजे एक नॉट नव्हे. व्हॉल्व्ह तर दुरुस्त झाला. उलटी झाली म्हणून आता बरंच वाटतंय. काल किती छान झालं. आणि ठाण्याहून इतक्या लांब. हे शेवटचं कारण आलं आणि मला वही आठवली. हे समुद्रातलं नव्हतं.

मी नणंदेकडे वळले आणि अंगठा दाखवला.

तिने त्याच क्षणी आपला अंगठा दाखवला आणि पट्ट्याचं बकल सोडलं. बस्स, एवढंच. गाइड समजूतदारपणे म्हणाला की वरच प्रवाह आहे, दहा मीटरच्या खाली शांत असेल. ते खरं असण्याची दाट शक्यता होती. तो ते पाणी माझ्याहून कितीतरी जास्त ओळखतो. मी म्हटलं, "आज नको." पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेवढंच म्हटलं. कारणं सांगायला लागले असते तर त्याने एकेक कारण खोडलं असतं आणि मी पाण्यात गेले असते, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

ते सहा जण गेले. आम्ही दोघी बोटीत बसून राहिलो. ती पंचेचाळीस मिनिटं मला कानाच्या अडीच महिन्यांइतकी जड गेली. बोटीवरच्या मुलाने कलिंगड कापून दिलं. मी प्रत्येक बुडबुड्यावर लक्ष ठेवून होते. खरं सांगायचं तर मी कशाची तरी वाट बघत होते. कुणाला काही व्हावं असं नाही, मुळीच नाही. पण वर येऊन कुणीतरी म्हणावं की फार ओढ होती, बरं केलंत. सगळे सुखरूप वर आले. हसत आले. कासव दिसलं होतं, मोठं, बराच वेळ त्यांच्याबरोबर पोहत होतं. बॅराकुडांचा थवा दिसला होता. खाली प्रवाह नव्हताच. एक जण माझ्याशेजारी बसत म्हणाला, "तुम्ही यायला हवं होतं."

कानाच्या वेळी चूक केली त्याचा पुरावा मला हातात मिळाला होता, डॉक्टरांच्या अक्षरात. बरोबर वागण्याचा पुरावा मात्र मिळत नाही. गेलो असतो तर काय झालं असतं हे कधीच कळत नाही, आणि बहुतेक वेळा काहीच झालं नसतं. त्या दिवशी बहुतेक आम्हालाही कासव दिसलं असतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हवेचं गणित शिकवतात, कानाचं शिकवतात, पण रद्द केल्यानंतरच्या त्या पंचेचाळीस मिनिटांत कसं बसायचं ते शिकवत नाहीत. ते शिकवायला हवं, कारण पुढच्या वेळी माणूस त्या आठवणीनेच पाण्यात उडी मारतो.

गाडीत रत्नागिरी येईपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही. मग मी विचारलं, "तुला जायचं होतं का गं?"

"हो," ती म्हणाली. "मला काही झालं नव्हतं वहिनी. मी गेले असते."

"मग लगेच अंगठा का दाखवलास?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच विचारलंय. "तू दाखवलास म्हणून."

मग तिने पिशवीतून कागद काढला. व्हॉल्व्हवर आम्ही बराच वेळ वाद घातला. तिचं म्हणणं, दुरुस्त झालेली गोष्ट मोजायची नाही, नाहीतर तपासणी करायचीच कशाला. माझं म्हणणं, व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, ज्या घाईने तो अर्धा राहिला ती घाई दुरुस्त झाली नाही. खाली आणखी काय अर्धं राहिलं असेल कुणास ठाऊक. शेवटी तिने लिहिलं: तपासणीत सापडलेली चूक दुरुस्त झाली तरी एक बारीक. आणि तिच्या अक्षरात कंसात: वहिनीचं मत. त्याखाली मी एक ओळ घातली: जिने अंगठा दाखवला तिने बोटीत दुसरीची माफी मागायची नाही. मी त्या दिवशी तीनदा मागितली होती.

सोमवारी पहाटे ठाणे स्टेशनवर उतरलो. चेंदणीत चालत घरी यायला दहा मिनिटं लागतात. सासरे ओट्यावर बसले होते. नणंदेने आल्या आल्या सांगून टाकलं, "बाबा, काल नाही गेलो आम्ही पाण्यात." त्यांनी 'का?' असं विचारलं नाही. चहा ठेवायला सांगितला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि चष्मा पुसत एकेक चौकोनावर बोट ठेवत पुढची अष्टमी शोधायला लागले.

"मार्चात एक शनिवार येतोय," ते म्हणाले. "सुट्टी टाक आतापासून."